कडेने बघणाऱ्या सलोमीबाई

सलोमीबाई कुणाकडेही सरळ बघत नसत. बोलताना त्यांची नजर समोरच्याच्या कानापलीकडे, खांद्याच्या जरा वर कुठेतरी टेकलेली असायची. नव्या माणसाला वाटे, ही बाई आपल्याला मोजत नाही. जुन्यांना सवय झाली होती. एकदा शाळेच्या तपासणीला आलेले साहेब त्यांच्याशी शिवणवर्गाबद्दल बोलत होते आणि बोलता बोलता सारखे मागे वळून बघत होते. शेवटी त्यांनी विचारलंच, "माझ्या मागे कोणी उभं आहे का?"

"नाही साहेब," बाई म्हणाल्या. "तुम्हालाच बघतेय. असं बघितलं की जास्त दिसतं."

साहेबांनी शर्टाची वरची गुंडी लावून घेतली.

मी यादी करणारी बाई आहे. नगरला सावेडीच्या बाजूला मुलींची एक मिशनची शाळा होती आणि तिच्या वसतिगृहाची व्यवस्था माझ्याकडे होती. धान्य, रॉकेल, घोंगड्या, कंदील, मुलींच्या पेट्या, काय आहे, काय संपलं, काय आणायचं, हे माझं काम. माणसांचीही मी मनात अशीच यादी करते. कोण काय खातं, कोण कशाने चिडतं, कुणावर काय सोपवता येतं. सलोमीबाईंची यादी मात्र मला कधी धड करता आली नाही. शिवण शिकवणाऱ्या, मूळच्या शेवगावकडच्या, लग्न न केलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या. फिकट काठाची सुती साडी, पदराला कायम टोचलेली एक सुई, गळ्यात बारीक क्रूस. इथपर्यंत जमतं. पुढे आकाश सुरू होतं आणि माझी यादी तिथे थांबते.

शाळेच्या जुन्या मडम निवृत्त होऊन मायदेशी गेल्या तेव्हा त्यांची एक दुर्बीण कोठारात राहिली. मोडक्या शिवणयंत्रांच्या मागे, पोत्यांत गुंडाळलेली. लांब, जाड, पिंपासारखी नळी. तळाशी गोल आरसा आणि डोळा लावायचं भिंग वरच्या टोकाला, बाजूने. मी जागा मोकळी करायची म्हणून विचारलं, ही कुणाला हवी आहे का, तेव्हा एकट्या सलोमीबाई पुढे आल्या. त्यांनी ती वसतिगृहाच्या गच्चीवर नेली, मडमनी ठेवलेल्या इंग्रजी पुस्तकातून एक एक गोष्ट शोधत शिकल्या. स्वयंपाकीण हौसाबाई त्या नळीला तोफ म्हणायची.

"बाई, किल्ल्यातली तोफ आनली का काय? कुनावर डागायची?"

"तुझ्या दिव्यावर," सलोमीबाई म्हणायच्या. "आधी स्वयंपाकघराचा दिवा मालव. उजेड थेट गच्चीवर येतो."

"मंग भाकरी आंधारात थापू? पोरींच्या ताटात कोळसं पडत्याल."

हा तंटा रोजचा होता. अखेर मीच तोडगा काढला. जेवणं लवकर उरकायची, भांडी सकाळी घासायची, आणि प्रार्थना संपली की अंगणाकडचा दिवा बंद. हौसाबाईने तो नियम पाळला, पण दिवा मालवताना दर वेळी एकदा वर बघून म्हणायची, "घ्या, डागा."

बाई गच्चीवर सगळं बघत. चंद्र, शनीचं कडं, कृत्तिका. पण त्यांचा जीव जडला होता तो एकाच गोष्टीवर. थंडीच्या सुरुवातीला, दिवेलागणीनंतर, दक्षिणेकडे तिमिंगल नावाचा तारकासमूह वर येतो. त्यातल्या एका ताऱ्याजवळ दुर्बिणीतून एक पुसट डाग दिसतो. ती दीर्घिका. म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखंच, पण कल्पनेपलीकडे दूर असलेलं ताऱ्यांचं आख्खं गाव. पुस्तकात तिचा फोटो होता. मधे लखलखीत गाभा आणि भोवती वळत गेलेले हात. मुलींनी तो बघून तिचं नाव चकली ठेवलं.

दुर्बिणीतून मात्र चकली दिसत नसे. मुली ओळीने स्टुलावर चढत आणि तोंड पाडून उतरत.

"बाई, हे तर पुसलेल्या रांगोळीसारखं आहे."

"हात कुठं आहेत?"

"आहेत," बाई म्हणत. "आपली दुर्बीण लहान आहे म्हणून दिसत नाहीत. आणि तू तिच्याकडे थेट बघू नकोस. ती लाजरी आहे. थेट बघितलं की पदर ओढून घेते. जरा बाजूला बघ, जसं काही तुझं लक्षच नाही. मग बघ कशी उमलते."

हे खरं होतं. मीही एकदा करून पाहिलं. डोळ्याच्या मध्यापेक्षा कडेला अंधारातलं जास्त दिसतं, असं बाईंनी समजावलं. वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी तसं बघून बघून त्यांना दिवसाही तीच सवय लागली होती. साहेबांच्या कानापलीकडची ती नजर गच्चीवरून आलेली होती.

पण त्या चकलीचा गाभा मात्र लाजरा नव्हता. तो थेट बघूनच दिसे, आणि चांगला टोकदार दिसे. बाई म्हणायच्या, "हिचा गाभा जागा आहे." मडमनी परदेशातून मासिकाची काही कात्रणं पाठवली होती. त्यात लिहिलं होतं की काही दीर्घिकांच्या पोटात अशी प्रचंड उलथापालथ चालू असते की नुसता गाभाच बाकीच्या ताऱ्यांना मागे टाकतो, आणि असे गाभे कधी उजळतात, कधी मंदावतात. का, ते कुणाला नीट माहीत नाही. एवढं बाईंना पुरलं. त्यांनी ठरवलं, आपण हिच्यावर लक्ष ठेवायचं.

लक्ष ठेवायची त्यांची पद्धत त्यांनीच बसवलेली होती. गाभ्याच्या अगदी जवळ एक साधा तारा दिसतो. त्याला त्यांनी शेजारीण नाव दिलं होतं. उजवा डोळा भिंगाला लावायचा, डावा मिटायचा. नजर गाभ्यावर रोवायची आणि हलवायची नाही. शेजारणीकडे वळायचं नाही, तिचा उजेड नुसता बाजूने जाणवू द्यायचा, आणि ठरवायचं, कोण जास्त? गाभा की शेजारीण? "डोळा इकडून तिकडे पळवला की मन लबाडी करतं," त्या म्हणत. "कापड मापताना टेप हलवतो का आपण?" आधीची सगळी वर्षं उत्तर एकच असे. गाभा थोडा उजवा, शेजारीण थोडी डावी.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. आधीच्या वर्षीही पाऊस हातचा राखूनच पडला होता. त्या वर्षी त्याने पाठच फिरवली. माझ्या याद्या लहान होत गेल्या. ज्वारीच्या जागी लाल मिलो आला, त्याच्या भाकरीला मुली नाकं मुरडत आणि तरी खात. विहिरीने तळ दाखवल्यावर टँकरची वाट बघणं हेही माझ्या कामात आलं. गावाकडून वडील येत आणि मुलींना घेऊन जात, कारण खडी फोडायच्या कामावर जितके हात तितकी मजुरी. मी पेट्या मोजून परत देत होते.

परतीच्या पावसाची सगळा जिल्हा वाट बघत होता तेव्हा एका संध्याकाळी मी गच्चीवर वाळवणातली चादर काढायला गेले. आकाश धुतल्यासारखं स्वच्छ होतं. सलोमीबाई दुर्बिणीजवळ उभ्या होत्या, पण तिला हात लावलेला नव्हता.

"काय झालं बाई? बघत नाही?"

"लाज वाटते गं कुसुम," त्या म्हणाल्या. "खाली सगळं गाव ढग मागतंय. मी पण सकाळच्या प्रार्थनेत ढगच मागते. आणि संध्याकाळ झाली की मनात येतं, आज आकाश मोकळं असू दे. देवाने माझं कोणतं ऐकायचं?"

मी म्हटलं, "तुमच्या मागण्यावर पाऊस ठरत असता तर मी तुम्हाला कधीच कोठारात कोंडून ठेवलं असतं."

त्या हसल्या आणि मग त्यांनी दुर्बिणीवरचं फडकं काढलं.

त्याच थंडीत त्यांच्यात एक बदल झाला. खरं तर दोन झाले, आणि आम्ही ते वेगवेगळे समजलो.

पहिला बदल आनंदाचा होता. एका संध्याकाळी त्या जिना उतरून थेट कोठारात आल्या. मी रॉकेल मोजत होते. त्या दारात उभ्या राहिल्या, श्वास लागलेला.

"कुसुम, गाभा मंदावतोय."

"कुणाचा?"

"चकलीचा. शेजारीण आता त्याच्यापेक्षा उजवी दिसते. मला आधी वाटलं धूळ असेल. पण धुळीने दोघंही मंदावली असती. शेजारीण आहे तशी आहे. नुसता गाभा जातोय."

पुढच्या संध्याकाळी गाभा आणखी मंद. त्याच्या पुढच्या आठवड्यात आणखी. बाई तरंगत चालायच्या. प्रार्थनेला गाणं म्हणताना त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर जायचा. मी विचारलं, बाजूला बघितलं तर दिसतो का? त्या म्हणाल्या, दिसतो थोडा, पण बाजूला बघितलं की सगळंच जास्त दिसतं, तो पुरावा नव्हे. पुण्याच्या एका कॉलेजातले प्राध्यापक पूर्वी शाळेत व्याख्यानाला आले होते. असं काही वेगळं दिसलं तर मला लिहा, पण दुसऱ्या कुणाकडून खात्री करून घेतल्याशिवाय लिहू नका, असं ते सांगून गेले होते. बाईंना ते पत्र लिहायचं होतं. सगळं आयुष्य त्यांनी दुसऱ्यांच्या मुलींना टाके शिकवण्यात घालवलं होतं. स्वतःचं म्हणावं असं त्यांनी पाहिलेलं हे एकच होतं.

दुसरा बदल शिवणवर्गात झाला. बाई एकाएकी कडक झाल्या. शिवण तपासताना त्या कापड खिडकीशी ताणून धरत, डावा डोळा मिटत, आणि उजव्याने सुताराने फळी बघावी तसं शिवणीच्या रेषेवरून बघत. ही त्यांची पूर्वीचीच पद्धत. पण आता बहुतेक शिवणी वाकड्या निघू लागल्या. मुली रडकुंडीला येऊन टाके उसवत.

सगळ्यात जास्त भोगलं मंगलने. मंगल काष्टीची, माझ्याच माहेरच्या गावची. वर्गात तिच्याइतका सुबक हात कुणाचा नव्हता. वसतिगृहातल्या मुलींचे गणवेश मशीनवर शिवायला एक मदतनीस ठेवायची होती. जेवण, राहणं आणि वर थोडा पगार. बाईंनी आधीच मला सांगून ठेवलं होतं की ती जागा मंगलला द्यायची. फक्त नावाला एक पोलकं शिवून दाखवायचं होतं. मंगलला ती जागा मिळाली की तिच्या वडिलांना तिला खडीवर न्यायचं कारण उरणार नव्हतं.

पोलकं शिवून झालं. बाईंनी बाजूची शिवण खिडकीशी धरली, डोळा मिटला.

"मधे खड्डा आहे."

मंगलने उसवून पुन्हा शिवली. पुन्हा खड्डा. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "बाई, पट्टी लावून बघा ना."

"पट्टी कशाला? मला दिसतंय ना. तू घाई करतेस मंगल. मन नाही तुझं."

हौसाबाई दारातून बघत होती. ती मला बाजूला ओढून म्हणाली, "पोरीचं सूत नीट हाय ताई. बाईचंच काय बिनसलंय कुनास ठावं. सारखं आभाळात बघून बघून मान्सं वाकडी दिसाया लागली असत्याल."

मी ते पोलकं हातात घेतलं. मला शिवण सरळ वाटली, आणि मी तसं बाईंना सांगितलं.

"तुला धान्य कळतं कुसुम," त्या म्हणाल्या. "शिवण नाही."

खरंच कळत नव्हतं. जागा रिकामीच राहिली. चार-सहा दिवसांनी मंगलचे वडील आले, मी पेटी मोजून दिली, आणि ती गेली. जाताना तिने ते पोलकं घडी करून शिवणवर्गाच्या टेबलावर ठेवलं होतं. बाईंनी ते कपाटात टाकलं.

नाताळ झाला. त्यानंतर एका संध्याकाळी बाईंनी मला गच्चीवर बोलावलं.

"आता गाभा दिसतच नाही," त्या म्हणाल्या. "थेट बघितलं तर तिथे नुसता राखाडी पोकळपणा आहे. आता लिहायलाच हवं. पण आधी तू बघ."

"मी? बाई, मुलींपैकी कुणाला तरी बोलवा. त्यांना सवय आहे."

"मुली मला आवडेल ते सांगतील. तू नाही सांगणार. कोठारात नसलेलं पोतं तू कधी यादीत लिहिलं नाहीस, आणि असलेलं कधी सोडलं नाहीस. मला तसंच माणूस हवंय."

त्यांनी मला शिकवलं. उजवा डोळा लाव. आधी बाजूला बघ, चकलीचा पुसट पदर दिसला का? दिसला. शेजारीण दिसली? दिसली. आता हळूहळू नजर मधे आण, आणि रोव. हलवू नकोस.

मी नजर मधे आणली. पुसट कापसाच्या गोळ्याच्या बरोबर मध्यभागी एक ठिपका होता. सुई टोचून वर काढल्यावर टोक चमकावं तसा. शेजारणीपेक्षा थोडा उजवा.

"कुसुम?"

बाई माझ्या पाठीशी उभ्या होत्या. त्यांना काय ऐकायचं होतं ते मला ठाऊक होतं. अशा वेळी माणसं खोटं बोलतात म्हणे. मला ते सुचलंच नाही. वस्तू समोर होती.

"आहे बाई," मी म्हटलं. "शेजारणीहून उजवा आहे."

"नीट बघ. दुसरा एखादा तारा असेल."

मी पुन्हा बघितलं. डोळा पुसून बघितलं. "मधोमध आहे. टोकदार आहे."

त्यांनी मला स्टुलावरून उतरवलं, स्वतः चढल्या, बराच वेळ भिंगाला डोळा लावून राहिल्या. मग उतरल्या. अंगणाच्या पलीकडच्या खोल्यांमधून येणारा थोडासा उजेड माझ्या तोंडावर पडत होता. बाई माझ्यासमोर उभ्या राहिल्या, त्यांनी डाव्या डोळ्यावर हात ठेवला आणि उजव्याने थेट माझ्याकडे बघितलं.

"तुझे कान दिसतात," त्या म्हणाल्या. "अंबाडा दिसतो. चेहरा नाही."

त्यांनी हात काढला, पुन्हा ठेवला, पुन्हा काढला. मी वाट बघत होते की आता त्या रडतील, किंवा चकलीबद्दल, पत्राबद्दल काही बोलतील. त्या म्हणाल्या,

"मंगलची शिवण सरळ होती."

नंतर त्यांनी दुर्बिणीवर फडकं घातलं आणि आम्ही खाली उतरलो. त्यांनी कपाट उघडून पोलकं काढलं, टेबलावर पसरलं, शिवणीला लाकडी पट्टी लावली. डाव्या डोळ्याने बघितलं, मग उजव्याने. उजव्याने बघताना त्यांनी मला विचारलं, "पट्टी वाकडी आहे का गं?" मी नाही म्हटलं. "मला मधे खड्डा दिसतो," त्या म्हणाल्या. "पट्टीतसुद्धा."

दवाखान्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब घालून, अंधारात बसवून तपासलं. डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध डाग पडला होता. उपाय नव्हता. दुसऱ्या डोळ्यालाही पुढेमागे हेच होईल, असं ते म्हणाले. सलोमीबाईंनी एकच विचारलं.

"कडा राहतील?"

"कडा राहतात. पूर्ण अंधार होणार नाही. पण वाचन, शिवण, माणसांचे चेहरे अवघड होईल."

बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "मला कडेने बघायची सवय होती म्हणून इतके दिवस कळलं नाही बघ. दुसऱ्या कुणाला चार दिवसांत कळलं असतं." त्यात तक्रार नव्हती. चुकलेला टाका कुठून चुकत आला ते त्या शोधत होत्या.

त्याच आठवड्यात आम्ही एसटीने काष्टीला गेलो. बाजाराचा दिवस होता, पण बाजारात बैलच जास्त होते आणि घेणारं कुणी नव्हतं. गावाबाहेर रस्त्याच्या कडेला खडीचे ढीग घातलेले, आणि प्रत्येक ढिगामागे बाया हातोडी घेऊन बसलेल्या, बोटांना चिंध्या गुंडाळून. मंगल तिच्या आईशेजारी बसली होती. तोंडावर धूळ, डोक्याला फडकं. आम्हाला बघून ती उठली नाही, पण तिने हातोडी खाली ठेवली.

सलोमीबाई तिच्यापुढे मातीतच बसल्या.

"मंगल, तुझी शिवण सरळ होती. माझा डोळा गेला होता."

"मला ठावं हुतं, बाई."

"काय ठाऊक होतं?"

"शिवन सरळ हाय ते. डोळ्याचं न्हाई ठावं." तिने डोक्याचं फडकं सारखं केलं. "मी पट्टी लावा म्हनलं हुतं."

"हो. म्हणाली होतीस." बाईंनी पदराच्या टोकाने तोंड पुसलं. "ती जागा अजून आहे. कुसुमने कुणाला दिली नाही. तू आजच चल."

तिचे वडील पलीकडून आले. त्यांनी मला ओळखलं, नमस्कार केला. "आता कसं यायचं बाई," ते म्हणाले. "हजेरीला नाव लागलंय तिचं. आन् सोयरीक बी ठरलीया. पान्याची हमी असल्याली जागा हाय, मानसं बरी हाईत. आता मोडाया येत न्हाई."

बाई मंगलकडे वळल्या. "तुला काय वाटतं?"

मंगलने उत्तर म्हणून हात पुढे केला. बोटांवरच्या चिंध्या सोडल्या. टोकांना भेगा पडून त्या काळ्या, कडक झाल्या होत्या.

"सुई धरून बघितली परवा," ती म्हणाली. "धरली का न्हाई, कळतच न्हाई."

सलोमीबाईंनी तो हात आपल्या हातात घेतला, वाकल्या, आणि त्याच्याकडे सरळ बघितलं. दोन्ही डोळे उघडे ठेवून, समोरून, खूप वेळ. त्यांना एखाद्या गोष्टीकडे असं सरळ बघताना मी एवढंच एकदा पाहिलं.

निघताना मंगलच्या आईने पत्र्याचा डबा पुढे केला. "पानी पिऊन जावा बाई. लांबनं आलाय." त्यांच्या दिवसभराचं पाणी त्यात होतं. बाईंनी एक घोट घेतला, डबा माझ्याकडे दिला, मीही एक घोट घेतला. नाही म्हणणं त्याहून वाईट झालं असतं.

परतीच्या एसटीत बाई खिडकीशी बसल्या. श्रीगोंदा मागे पडलं. मग म्हणाल्या, "आकाशातलं चुकलं असतं तर चाललं असतं कुसुम. तिथे आपल्या चुकीने कुणाचं काही जात नाही."

पुण्याचं पत्र कधी गेलं नाही. पण दुर्बीणही कोठारात गेली नाही. त्या थंडीचे उरलेले दिवस, आकाश मोकळं असेल त्या संध्याकाळी, कोठाराला कुलूप लावून मी गच्चीवर जात असे. बाई खाली ओट्यावर बसून राहत. मी स्टुलावरून ओरडून सांगायची, "गाभा उजवा." त्या खालून विचारायच्या, "डोळा हलवला नाहीस ना?" हौसाबाई अंधारातून म्हणायची, "न्हाई हलवला. मी बघतीय." हळूहळू तिमिंगल पश्चिमेला झुकत झुकत मावळतीच्या उजेडात बुडाला, आणि आम्ही थांबलो. पुढच्या वर्षी पाऊस आला. चकली पुन्हा उगवली तेव्हा मी पुन्हा वर जाऊ लागले.

डावा डोळा त्यानंतर दोन वर्षं टिकला. मग बाईंना शिवणवर्ग सोडावा लागला. सुई मात्र पदराला तशीच असायची. ज्याला बघायचं त्याच्यापासून नजर थोडी बाजूला नेली तरच तो त्यांना दिसे. पुसट, पण दिसे. आता ती सवय राहिली नव्हती, गरज झाली होती. मुलींना त्या पावलांवरून ओळखत, मला किल्ल्यांच्या आवाजावरून. मंगलचं लग्न झालं, ती दौंडकडे गेली, असं काष्टीहून कळलं. बाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "कपडे शिवते का ती?" मला माहीत नव्हतं. मी माहीत नाही म्हटलं.

त्यांचा भाचा श्रीगोंद्याला साखर कारखान्यात कारकून होता. तो त्यांना न्यायला आला. ट्रंक, वळकटी, पवित्र शास्त्र, एवढंच सामान होतं. मी यादी केली नाही. दुर्बीण शाळेतच राहिली.

नगरच्या एसटी स्टँडवर दुपारची गर्दी होती. भाचा तिकिटाच्या रांगेत उभा राहिला. बाईंना आत खिडकीची जागा मिळाली आणि मी खाली फलाटावर उभी राहिले. मी औषधांबद्दल सांगितलं, डब्यात दशमी आहे ते सांगितलं, उतरताना पायरी उंच आहे ते सांगितलं.

"तिमिंगल कधी वर येतो आता?" त्यांनी विचारलं.

"दिवाळीनंतर."

"बघशील?"

"बघेन. डोळा हलवणार नाही."

ड्रायव्हर चढला. गाडी थरथरली. बाईंनी खिडकीच्या गजाला हात लावला आणि मान थोडी वळवली. त्यांची नजर माझ्या कानाच्या पलीकडे, खांद्याच्या जरा वर जाऊन थांबली. माझ्या मागे एक बाई पोर कडेवर घेऊन उभी होती. तिला वाटलं आपल्यालाच बघतायत. तिने पदर सावरला आणि पोराचं तोंड पुसलं.

मी जागची हलले नाही. गाडी मागे घेतली जाईपर्यंत, वळेपर्यंत, मी जशी उभी होते तशीच उभी राहिले, म्हणजे त्यांना नीट दिसेन.